यादीत कावेरी बंद आहे

आमच्या वाडीच्या मंडळाला यंदा पन्नास वर्षं होतात, म्हणून स्मरणिका निघणार आहे. तिच्यात ‘आपलं माणूस’ म्हणून एक पान आहे आणि त्या पानासाठी मंडळाने एकमताने कावेरीचं नाव काढलं. इथपर्यंत ठीक. पण लिहायचं कोणी? तर म्हणे मथुराबाईंनी, म्हणजे मी. अहो, कावेरी माझी सख्खी धाकटी जाऊ! जावेची स्तुती जावेकडूनच लिहून घ्यायची हे ज्याला सुचलं, त्याने टाळूत एक सुई टोचून घ्यायला हवी, आणि तीही कावेरीकडूनच.

मंडळाचा सेक्रेटरी दीपेश माझाच विद्यार्थी. तिसरीत असताना पाढे चुकवायचा. तो येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, तुमच्यासारख्या मराठी कोणाक येणा नाय. तुमीच लिवा.” बत्तीस वर्षं शाळेत घालवल्यावर असं कोणी बोललं की मी पाघळते. हो म्हणून बसले. आता लिहायचंच तर खरं लिहीन. छापायचं की नाही ते मंडळाने बघावं.

कावेरी देवगडकडची. लग्न होऊन मसुऱ्यात आली तेव्हा बावीस वर्षांची होती, बारावी पास आणि इतकी अबोल की भात वाढू का विचारलं तरी मान हलवायची. बँकेचा फॉर्म कसा भरायचा हे तिला मी शिकवलं. सही करताना हात कापायचा तिचा. हे लक्षात ठेवा, मला पुढे उपयोगी पडणार आहे.

माझा दीर विश्वेश डोंबिवलीला कंपनीत होता, ती त्याच्याबरोबर गेली. तिथे एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंच्या अ‍ॅक्युपंक्चरच्या दवाखान्यात ती कामाला लागली. आधी झाडलोट, मग चादरी बदलणं, मग सुयांची पाकिटं उघडून हातात देणं. अशी चौदा वर्षं. त्या बाईंनीच तिला मागे लागून शिकायला लावलं, रीतसर कोर्स करायला लावला, परीक्षेला बसवलं, राज्याच्या परिषदेत नोंदणी करायला लावली. हे सगळं ती आम्हाला सुट्टीत येऊन सांगायची आणि मी “अरे वा” म्हणायची. डोंबिवलीत करते आहे तोवर माझं काय जात होतं? माणूस लांब असलं की त्याचं कौतुक करायला काही कष्ट पडत नाहीत.

लॉकडाऊनमध्ये विश्वेशची कंपनी बंद पडली आणि दोघं परत आली, ती कायमची. घर एक, चुली दोन. पूर्वेची पडवी त्यांच्या वाटणीत. तिथे कावेरीने एक लाकडी खाट टाकली, पडदा लावला, भिंतीवर नोंदणीचं सर्टिफिकेट काचेत घालून टांगलं आणि बाहेर रोग्यांना बसायला बाक ठेवला. माझ्या खोलीची खिडकी नेमकी त्या पडवीकडे उघडते. खिडकी माझ्या वाटणीची आहे. मी ती उघडी ठेवीन नाहीतर बंद, विचारणारं कोण?

पहिली आली हौसाबाई. मासळीची पाटी वाहून वाहून तिची मान आखडली होती. चार वेळा आली आणि पाचव्या वेळी मालवणच्या बाजारात उभी राहून मान गरागरा फिरवून दाखवायला लागली. झालं! महिन्याभरात बाकावर जागा मिळेना. हौसाबाई दारावर आली की चांगले बांगडे कावेरीच्या ताटात आणि उरलेसुरले माझ्या. वर मलाच म्हणते, “ता तुमच्या घरातलाच मां?”

बांगड्यांचं एक वेळ सोडा. पण बेड्यातून, म्हणजे अंगणाच्या फाटकातून, हाक यायची, “बाई आसत काय गो घरात?” बत्तीस वर्षं ही हाक माझी होती. कोणाचं पत्र लिहायचं, कोणाच्या मुलीचा दाखला, कोणाचा पेन्शनचा फॉर्म, सगळं गाव “बाई” म्हणून माझ्याकडे यायचं. मी पदराला हात पुसत बाहेर जायची आणि आलेलं माणूस ओशाळं होऊन म्हणायचं, “तुमी नाय, ती बाई.” अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. सही करताना जिचा हात कापत होता ती बाई, आणि मी कोण? खिडकीतली म्हातारी?

माझ्या नवऱ्याचं तर विचारूच नका. हे हरिश्चंद्र नावाचे सत्यवादी गृहस्थ रोज सकाळी “काजीत जावन येतंय” म्हणून काजूच्या बागेकडे निघायचे. एक दिवस मी खिडकीतून बघते तर काय, पडवीच्या पडद्याखाली ओळखीचे पाय! गुडघ्याला सुया लावून घेऊन स्वारी आरामात झोपलेली. मी दोन दिवस सोलकढी अळणी केली, एवढंच.

एक मात्र सांगते, कारण खरं लिहायचं ठरवलंय. त्या खिडकीत बसून मी कावेरीचं काम पाठ केलं. तिची एक पद्धत होती. नवं माणूस आलं की सुईला हात लावायच्या आधी विचारायची, “फाईल हाडलास?” डॉक्टरी कागदांची फाईल नसेल तर परत पाठवायची. मग प्रश्न सुरू. रक्त पातळ व्हायची गोळी घेता का? साखर आहे का? छातीत मशीन बसवलंय का? ताप येतो? वजन उतरलंय? झोप लागते? माणसं कंटाळायची. दहातली तीन तरी ती हात न लावता डॉक्टरकडे पाठवायची. मला हसू यायचं. आलेलं गिऱ्हाईक परत घालवणारं हे कसलं दुकान?

माडावर चढणारा धोंडू कंबर धरून आला तो दिवस मला चांगला आठवतो. कावेरीने विचारलं, “लघवीक जातस ता तुका कळता मां? आणि बसतस त्या जाग्यार बधिर लागता काय?” एवढा दांडगा धोंडू लाजून जमिनीकडे बघायला लागला आणि हळूच हो म्हणाला. कावेरीने सुयांचा डबा उघडलासुद्धा नाही. रिक्षा बोलावली, स्वतः शेजारी बसली आणि त्याला इस्पितळात नेऊन घातलं. मणक्यातली शीर दाबली गेली होती, त्याच दिवशी ऑपरेशन झालं. आज धोंडू पुन्हा माडावर चढतो.

आता मूळ गोष्टीकडे येते. आमच्या घरात मोबाईलला रेंज फक्त माझ्या खिडकीत येते. पडवीत फोन म्हणजे नुसतं खेळणं. कावेरीला कोणीतरी सांगितलं की इंटरनेटवर अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांची एक यादी असते, तिच्यात नाव घाल, लांबची माणसं येतील. ती फोन घेऊन माझ्याकडे आली. “वयनी, तेवढो फॉर्म भरून दी.” गावाचे फॉर्म भरणारी मी, नाही कसं म्हणणार? भरला. नाव, पत्ता, फोटो. फोन नंबर कोणाचा? रेंज माझ्याकडे, तर नंबर माझा. ओटीपी आला तोही माझ्यावर. ‘नोंदणी क्रमांक’ असा एक रकाना होता आणि कंसात लिहिलं होतं, ऐच्छिक. मी भिंतीवरच्या सर्टिफिकेटवरून बघून तो भरला. नसता भरला तरी चाललं असतं. कोणी तपासलं नाही, कोणी विचारलं नाही. पाच मिनिटांत कावेरीच्या नावापुढे हिरवी खूण आली, ‘खात्रीशीर’ म्हणून. कसली खात्री? मी टाइप केलं, एवढीच.

आणि मग फोन सुरू झाले. रत्नागिरीहून, सावंतवाडीहून, गोव्याहून. “कावेरी मॅडमना फोन द्या.” “मॅडमची वेळ मिळेल का?” मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेली मी धाकट्या जावेची टेलिफोन ऑपरेटर झाले! वर्षभर केलं. प्रत्येक फोन ठेवल्यावर काळजात एक काटा टोचायचा. एका दुपारी कोणीतरी मला विचारलं, “तुम्ही तिथे कामाला आहात का?” तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी यादी उघडली, कावेरीचं पान काढलं, ओटीपी टाकला आणि तिथे तीन पर्याय होते त्यातला एक दाबला. ‘कायमचे बंद.’

लिहिताना आत्ताही बोटं थांबतात. पण त्या दिवशी, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर लोणच्याची मोठी फोड खाल्ली.

गंमत म्हणजे बाकावरचं एक माणूस कमी झालं नाही. गावातली माणसं यादी बघून येतच नव्हती मुळी. ती हौसाबाईची मान बघून आली होती. बंद झाली ती फक्त लांबची. त्यातही काही फोन यायचेच, कारण पान बंद झालं तरी खाली माझा नंबर तसाच होता. त्यांना मी सांगायचे, “त्या आता करत नाहीत.” कावेरीने एकदा विचारलं, “वयनी, हल्ली भायरचे फोन येनत नाय?” मी म्हटलं, “नाय बाय. लोकांक दुसरी खंय तरी गावली असतली.” तिने मान हलवली, पूर्वी भात वाढताना हलवायची तशीच.

दिवाळीत माझा उजवा खांदा धरला. केस विंचरता येईनात, वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. भिंतीपलीकडे दहा पावलांवर औषध, आणि मी? मी मेले असते पण त्या बाकावर बसले नसते. दुपारी सगळी झोपली की मी फोनवर वाचायला लागले. खांद्यासाठी कुठे दाबायचं याची चित्रं असतात, गोऱ्यापान हातावर काळे ठिपके. एक सांगतं मनगटापासून दोन बोटं, दुसरं सांगतं तीन. कोणाची बोटं? माझी की त्या चित्रातल्या बाईची? मी निळ्या पेनाने हातावर ठिपके काढले आणि लाटण्याच्या टोकाने दाबत बसले. हात काळानिळा पडला, खांदा होता तिथेच. ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, “काय गो, नकाशो काढलंस?” त्या रात्रीची कढीही अळणीच झाली.

प्रत्येक लेखाच्या शेवटी एकच वाक्य असायचं, तज्ज्ञाचा सल्ला घ्या. आणि त्याखाली ‘तुमच्या जवळचे तज्ज्ञ’, म्हणजे तीच यादी. आता माझी अक्कल बघा. जिच्यात मी स्वतःच्या हाताने धडधडीत खोटं लिहिलं होतं, त्या यादीवर मी विश्वास ठेवला. बाकीच्यांनी खरंच लिहिलं असणार, असं मला कशावरून वाटलं देव जाणे. लबाड जणू जगात मी एकटीच.

पहिला पत्ता मालवणचा होता. रिक्षा करून गेले तर तिथे समुद्रात बुड्या मारायला नेणाऱ्यांचं ऑफिस. पोरगी म्हणाली, ते डॉक्टर जाऊन तीन वर्षं झाली. दुसरा कणकवलीचा. पाचपैकी चार पूर्णांक नऊ तारे, हिरवी खूण, अकरा जणांनी स्तुती लिहिलेली. एसटीने गेले. गुळगुळीत लाद्या, भिंतीवर धबधब्याचं चित्र, आणि कोटातला गृहस्थ. त्याने कुठे दुखतं विचारलं, मी खांदा दाखवला, त्याने सुया लावल्या. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी रक्त पातळ होण्याची गोळी घेते हे त्याला मी सांगितलं नाही, कारण त्याने विचारलं नाही. खांद्यावर हा एवढा काळा डाग पडला. मी घरी सांगितलं, आपटले.

तरी मी चार वेळा गेले. का? कारण तो कावेरी नव्हता.

चौथ्या वेळी, बुधवार होता, बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसली होती. पन्नाशीची, काठी टेकून, एका अंगावर कलून. नाव राधाबाई. कंबर दुखते म्हणून वैभववाडीहून येते, आजची दहावी खेप. फरक काय? “पडेल म्हणतात.” मी मसुऱ्याची म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला.

“अहो, मला तुमच्या मसुऱ्यालाच जायचं होतं! तिथे कावेरीबाई म्हणून आहेत ना, माझ्या पुतणीने नाव काढून दिलं होतं. दोनदा फोन केला. घरच्याच कोणी बाई होत्या, म्हणाल्या त्या आता करत नाहीत. यादीतही बंद दाखवतं. नशीब म्हणायचं, आणि काय.”

मी म्हटलं, “हो का?”

“परवा सोमवारी पुन्हा लावला. सकाळी उठले तर पाय बधिर. म्हटलं, करत नसल्या तर नसू देत, निदान विचारू तरी. पुतणी म्हणते त्या बाई नीट सांगतात. बराच वेळ वाजला आणि मग कोणीतरी कट केला.” ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमचा आवाज मला कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो हो.”

सोमवारी सकाळी मी घावने घालत होते. फोन वाजला म्हणून खिडकीपाशी गेले, अनोळखी नंबर दिसला, कपाळाला आठी पडली आणि पिठाच्या बोटाने मी तो कट केला. पिठाचा डाग अजून फोनच्या कव्हरवर होता. मला तो तिथे बाकावर बसल्या बसल्या दिसत होता.

पाय बधिर म्हटल्यावर मला धोंडू आठवला. आणि मग जे प्रश्न मी चार वर्षं चोरून ऐकले होते ते माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडायला लागले. तिच्या कानाशी वाकून मी विचारलं, बसता त्या जागी बधिर लागतं का? तिने दचकून माझ्याकडे बघितलं. लघवीला होते ते कळतं का?

राधाबाईचे डोळे भरले. “कालपासून कळतच नाही. नेसलेलं पातळ ओलं झालं तेव्हा समजलं.”

“इथल्या डॉक्टरांना सांगितलंत?”

“त्यांनी विचारलं नाही. आणि परक्या पुरुषमाणसाला असलं कसं सांगायचं हो?”

मी घरी फोन लावला. ह्यांनी उचलला. मी म्हटलं, “कावेरीला द्या.” हे म्हणाले, “कोणाक?” “कावेरीक! कानात बोळे घातलास काय?” चार वर्षांत मी कावेरीला बोलवा असं कधी म्हटलं नव्हतं. कावेरी धावत माझ्या खिडकीपाशी आली असणार, दम लागला होता तिला. मी सांगितलं. तिने दोन गोष्टी विचारल्या, राधाबाईला विचारून मी उत्तरं दिली. मग ती इतकी मोठ्याने बोलली की मी फोन कानापासून लांब धरला. “वयनी, तिका थयसून उठव! एकव सुई लावूक देव नको. आताच्या आता इस्पितळात घेवन जा. तू वांगडा ऱ्हव, सोडू नको तिका!”

मी राधाबाईला उठवलं. तेवढ्यात तो गृहस्थ दारात आला, “ताई, तुमचा नंबर आला.” मी त्याला शाळेतल्या आवाजात विचारलं, “तुमचा नोंदणी क्रमांक काय?” तो धबधब्याकडे बघायला लागला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती अकरा जणांची स्तुती! अकराच्या अकरा एकाच दिवशी लिहिलेल्या, आणि सगळ्यांत ‘देवमाणूस’ आणि ‘जादूचे हात’. कॉपी पकडण्यात माझं आयुष्य गेलं. चौथीच्या पोरांची पकडली असती, ही कशी नाही दिसली? डोळ्यांवर कावेरी बसली होती ना माझ्या.

इस्पितळात डॉक्टरांनी तपासलं आणि तासाभरात अ‍ॅम्ब्युलन्सने तिला गोव्याला पाठवलं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. पुतणीचा नंबर मी घेतला होता, दुसऱ्या दिवशी विचारलं. ती म्हणाली, वाचली. म्हणाली, आत्या उभी राहील, लघवीचंही सुधारेल, पण उजवा पाय ओढत चालावं लागेल असं वाटतं. म्हणाली, “डॉक्टर बोलले, सोमवारी आणली असती तर पाय धड राहिला असता.” आणि मग तिने माझे आभार मानले. अहो, आभार! मी फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

त्याच दुपारी मी पडवीत गेले. कावेरी चादरींच्या घड्या घालत होती. मी सगळं सांगितलं, पान बंद केलं ते, फोनवर काय सांगायचे ते, सोमवारचं. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिने एवढंच विचारलं, “सोमवारी कितक्या वाजता?”

“आठ.”

तिने चादर खाली ठेवली आणि बोटांवर तास मोजले, सोमवार आठपासून बुधवार दुपारपर्यंत. मोजून झाल्यावर माझ्याकडे न बघता आत निघून गेली. नऊ दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. विश्वेश बोलला, त्यांची मुलं बोलली, ती नाही. हौसाबाईने दारावर येऊन दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि बांगडे सारखे वाटून दिले.

दहाव्या दिवशी मी माझी फाईल काढली, साडीच्या दुकानाच्या पिशवीत घातली आणि जाऊन बाकावर बसले. माझ्या आधी सात जणं होती. कोणी म्हणालं, “बाई, तुमी पुढे जावा.” मी नाही म्हटलं. गाव बघत होतं. बघू दे. दीड तास बसले.

“फुडे कोण?” कावेरी म्हणाली. मी आत गेले.

“फाईल हाडलास?”

दिली. तिने सगळे कागद वाचले. गोळीचं नाव बघून खांद्यावरच्या डागावर बोट ठेवलं आणि काय ते समजली. मग प्रश्न सुरू झाले, सगळ्यांना विचारते तसेच, त्याच क्रमाने. मला पुढचा प्रश्न आधीच ठाऊक असायचा.

“झोप लागता?”

“नाय.”

“कधीपासून?”

“त्या सोमवारपासून.”

तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. तिचेही डोळे सुजलेलेच होते. मी म्हटलं, “नंबर बदलून घे गो. तुझ्या नवऱ्याचो घाल, कोणाचोय घाल. माझो नको.”

“नाय,” ती म्हणाली. “रेंज तुझ्याकडेच आसा. नंबर तुझोच ऱ्हवतलो. पण आता दरेक फोन तू उचलूचो. आणि हे सगळे प्रश्न आधी तूच विचारूचे. तुका पाठ आसत, माका म्हायत आसा. चार वर्सां खिडकी उघडी आसता.” असं म्हणून तिने पहिली सुई लावली. दुखली म्हणावी तर दुखली नाही. पण मी रडले, आणि खांदा दुखतो म्हणून रडते असं तिला सांगितलं.

लोक विचारतील, आता तरी तुमचा मत्सर गेला का? छे! काल कोणीतरी तिच्यासाठी फणस आणला तेव्हा आत कळ आलीच. जायची असती तर केव्हाच गेली असती. आता मी त्या कळेला ओळखते, एवढंच.

यादीत मात्र कावेरी अजून बंद आहे. बंद करायला मला एक बोट लागलं. उघडायला गेले तर ‘पडताळणी सुरू आहे’ म्हणून तीन महिने तेच दाखवतंय. धबधबेवाल्यापुढे अजून हिरवी खूण आहे. मी तक्रार लिहिली, तिलाही ‘पडताळणी सुरू आहे’. म्हणून मंडळाला विनंती, या लेखाखाली नंबर ठळक अक्षरांत छापावा. नंबर माझाच आहे. येताना फाईल आणा.

हे एवढं लिहून होत होतं तेव्हा, आज सकाळीच, फोन वाजला. अनोळखी नंबर. मी पहिल्या घंटेला उचलला आणि म्हटलं, “मसुरे. कावेरीबाईंचं घर. बोला.” कावेरीबाई. हा शब्द तिच्यासाठी माझ्या तोंडून निघायची ही पहिलीच वेळ.

मग आवाज आला, “मी वैभववाडीची राधाबाई. पुतणीच्या फोनवरून बोलते.” आणि मग, हळूच, “त्या आता करत नाहीत म्हणून सांगणाऱ्या तुम्हीच ना?”

खिडकीतून मला कावेरी दिसत होती. तिने हातातलं काम थांबवलं होतं.

“होय,” मी म्हटलं. “मीच. आणि सोमवारी फोन कट केला तीही मीच.”

मी फोन तसाच कानाला धरून उभी राहिले.

“पाय ओढतो अजून,” राधाबाई शेवटी म्हणाली. “बाईंना विचारा, कधी येऊ?”